नव्या मोठ्या हॉटेलात राहायला जाताय? जळगाव-धुळे-नंदुरबारकडून सारखे येणारे प्रश्न

मी जळगावला बुकिंगचं काम करतो. ट्रेन, ट्रॅव्हल्स, हॉटेल, लग्नाच्या खोल्या, सगळंच. हल्ली कुठल्याही शहरात नवीन चकाचक हॉटेल उघडलं की आठ दिवसांत फोन सुरू होतात, "भो, तिथे राहून बघायचंय, कसं आहे?" आणि पुढचे प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचे लिहून काढले. नंबर टाकलेत, कारण एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ येतो.

१. नवीन हॉटेल म्हणजे सगळं कोरं करकरीत, मग सर्व्हिस पण भारीच असेल ना?

खोली कोरी असते तशीच माणसंही कोरी असतात, हे लक्षात ठेवा. पहिले काही महिने बरीच हॉटेलं 'सॉफ्ट ओपनिंग'वर चालतात, म्हणजे दार उघडलंय, खोल्या देतायत, पण जिम बंद, एकच रेस्टॉरंट चालू, वरच्या दोन मजल्यांवर सुतार अजून ठोकतोय. रेट त्यामुळेच कमी असतो आणि स्टाफ जीव तोडून धावतो, फक्त सिस्टिम बसलेली नसते. चहा सांगितला तर दोनदा येतो किंवा येतच नाही. हे चालणार असेल तर नवीन हॉटेलसारखी मजा नाही, कमी पैशात मोठी खोली मिळते. पण आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासारखं काही असेल आणि सगळं ठरल्याप्रमाणेच व्हायला हवं असेल तर सहा महिने थांबा.

२. बोर्डावर ५ स्टार लिहिलंय. खरंच आहे का?

स्टार देण्याचं काम केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची कमिटी करते, प्रत्यक्ष येऊन तपासणी करून, आणि ते रेटिंग ५ वर्षांसाठी असतं. घ्यायचंच असं बंधन नाही, त्यामुळे कित्येक चांगली हॉटेलं स्टारशिवायच चालतात. नवीन हॉटेलकडे ते लगेच नसणं साहजिक आहे. बुकिंग ॲपवर जे तारे दिसतात ते वेगळे, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले मार्क त्याहून वेगळे. रिसेप्शनला सरळ विचारा, "मंत्रालयाचं सर्टिफिकेट आलंय का?" खरं सांगणारा माणूस "अर्ज केलाय" म्हणतो.

३. फोटोत गच्चीवर निळाशार पूल दिसतोय. भरवसा ठेवू का?

नव्या हॉटेलचे पहिले फोटो बऱ्याचदा कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. ओळखायचं कसं, तर पलंगाखाली सावली बघा, खिडकीबाहेरचं शहर बघा, धुळ्याच्या हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसत असला तर समजून जा. त्यापेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, वाकडेतिकडे असतात पण खरे असतात. आणि मी नेहमी करतो ते करा: फोन करून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की तुमच्या तारखेला पूल, लिफ्ट, जिम, रेस्टॉरंट यातलं काय काय चालू असेल. तोंडी नको. तोंडी विचारलं की सगळंच चालू असतं.

४. अजून उघडलेलंच नाही, पण बुकिंग घेतायत आणि डिस्काउंट जबरदस्त आहे. लग्नाच्या खोल्या घेऊन टाकू का?

नका घेऊ. माझा हात पोळलाय म्हणून सांगतो. एका पार्टीच्या वऱ्हाडासाठी मी अशाच एका न उघडलेल्या हॉटेलात २२ खोल्या धरल्या होत्या, महिनाभर आधी उघडणार होतं, मग पंधरा दिवस आधी, मग फायरची एनओसी अडकली, आणि लग्नाच्या चार दिवस आधी मॅनेजर म्हणतो, सर थोडं पुढे गेलंय. पैसे परत दिले त्यांनी, त्याबद्दल तक्रार नाही, पण ऐन तिथीवर २२ खोल्या कुठून आणायच्या? शेवटी तीन हॉटेलं आणि एक मंगल कार्यालय मिळून वऱ्हाड बसवलं आणि मुलीच्या मामांनी अख्खं लग्न माझ्याकडे बघितलं नाही.

घ्यायच्याच असतील तर उघडायची तारीख पुढे गेल्यास पूर्ण पैसे परत, किती दिवसांत परत, आणि तेवढ्याच दर्जाची दुसरी सोय कोण करणार, हे मेलवर लिहून घ्या. 'नॉन-रिफंडेबल' रेट तर अजिबात नको. आणि ॲपवरून बुक केलं असेल तर पैसे ॲपकडे की हॉटेलकडे हे बघून ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

५. ट्रॅव्हल्स पुण्याला पहाटे साडेपाचला सोडते आणि चेक-इन दुपारी २ ला. मधले साडेआठ तास बॅगा घेऊन फिरायचं का?

खान्देशातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, कारण आपण रात्रीच निघतो.

चेक-इन २ किंवा ३ आणि चेक-आउट ११ किंवा १२, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं, रात्री खोली भरलेली असेल तर सकाळी देणार कुठून. पण नवीन हॉटेल पूर्ण भरत नाही, हा तुमचा फायदा. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करा, दुपारी नको, कारण आज रात्री किती खोल्या रिकाम्या राहणार हे त्यांनाही संध्याकाळीच कळतं. "पहाटे सहाला येतोय, सोबत म्हातारी आई आहे" एवढं सांगा. रिकामी असेल तर कधी फुकट, कधी अर्धं भाडं घेऊन देतात. नाहीच मिळाली तर बॅगा ठेवून घेतात, लॉबीतलं वॉशरूम वापरता येतं, आणि कुठे कुठे जिमच्या शॉवरला अंघोळही करू देतात, फक्त जिम चालू आहे का ते आधी बघा (प्रश्न १). सकाळी सहाला काउंटरवर असतो तो रात्रपाळीचा पोरगा, त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं.

६. ॲपवर रेट वेगळा आणि बिल वेगळं, हा काय प्रकार?

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आणि हा टक्का बोर्डावरच्या रेटवर नाही, तुम्ही खरंच देता त्या भाड्यावर लागतो. म्हणजे ७,५०० च्या खोलीचे ७,८७५ होतात आणि ७,६०० च्या खोलीचे थेट ८,९६८. शंभर रुपयांच्या फरकात हजार-अकराशे गेले. म्हणून रेट ७,५०० च्या जरासा वर दिसला की मी फोन करून घासाघीस करतो, आणि हॉटेलवालाही समजून हसतो. एक्स्ट्रा बेड घेतला तर त्याचेही पैसे भाड्यात धरले जाऊन तुम्ही वरच्या टप्प्यात जाऊ शकता, तेव्हा बेडसकट एकूण किती ते बुकिंगच्या आधी विचारा.

जेवणाचं गणित निराळं. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात ७,५०० च्या वर खोली गेली असेल तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, बाकीच्यांना ५ टक्के, हे १ एप्रिल २०२५ पासून. आता नव्या हॉटेलला आदलं वर्षच नसतं, मग मालकाने स्वतःहून १८ वाला पर्याय घेतलाय का यावर ठरतं. मेन्यू कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

७. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलाय. द्यायलाच लागतो?

नाही. तो टॅक्स नाही, टीप आहे. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटने आपणहून तो बिलात घालायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते कायम ठेवलं. शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटर पोराने खरंच चांगलं बघितलं असेल तर त्याच्या हातात द्या, तो विषय वेगळा.

८. चेक-इनला ५,००० डिपॉझिट घेतलं, ते बुडालं का?

नाही बुडत. क्रेडिट कार्ड असेल तर पैसे कापत नाहीत, फक्त अडवून ठेवतात आणि निघताना सोडतात. डेबिट कार्ड किंवा यूपीआयने दिले तर खरोखर जातात आणि परत यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून खात्यात मोजकेच पैसे असतील तर क्रेडिट कार्ड किंवा रोख द्या आणि पावती घ्या. निघताना घाई असते, ट्रॅव्हल्स सुटायची असते, पण "डिपॉझिट रिलीज केलं का" हे विचारल्याशिवाय काउंटर सोडू नका.

९. आधार द्यावंच लागतं का? माझ्याकडे पॅन आहे.

पॅनवर पत्ता नसतो म्हणून सहसा घेत नाहीत. वोटर कार्ड, लायसन्स, पासपोर्ट चालतं. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, एकाचं नाही, आणि "बाकीचे मागून येतायत" चालत नाही.

अमेरिकेतला भाचा सोबत असेल आणि त्याचा पासपोर्ट तिकडचा असेल तर त्याचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी हॉटेलला २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरावा लागतो. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. नवीन हॉटेलात हा फॉर्म भरणारा माणूस एकच असतो आणि तो नेमका जेवायला गेलेला असतो.

१०. आमचं लग्न व्हायचंय अजून, खोली मिळेल ना?

१८ च्या वरच्या दोघांनी, लग्न झालेलं नसताना, हॉटेलात राहू नये असा कुठलाही कायदा नाही, मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. पण काही हॉटेलं आपल्या नियमाने नाही म्हणतात, त्याच शहराचा पत्ता असेल तर तर जास्तच. मोठ्या हॉटेलात सहसा कोणी विचारत नाही. तरी आधी फोन करून विचारलेलं बरं, काउंटरवर उभं राहून मान खाली घालायची वेळ येत नाही.

११. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. एकाच खोलीत भागवू?

लहान पोरं फुकट असतात पण 'लहान' म्हणजे कुठे ५ वर्षं, कुठे १२. तिसऱ्या मोठ्या माणसाला एक्स्ट्रा बेड, तो जवळपास सगळीकडे एकच मिळतो. पाच जण असाल तर मधलं दार असलेल्या दोन खोल्या मागा, आईला स्वतःचं बाथरूम मिळतं आणि तुम्हालाही रात्री दहानंतर टीव्ही बघता येतो. "येताना सांगू" करू नका, मोठ्या हॉटेलात माणसं मोजतात, सकाळच्या नाश्त्याला खोली नंबर विचारला की पाचवा माणूस उघडा पडतो.

१२. खोलीत गेलो आणि लाइटच लागत नाही, एसी पण नाही. बिघाड आहे का?

दाराशेजारी भिंतीत एक खाच असते, ज्या कार्डाने दार उघडलं तेच तिच्यात घालायचं, मग सगळं चालू होतं. कार्ड काढून बाहेर गेलात की एसीही बंद होतो आणि मे महिन्यात आपल्याकडे ४४ डिग्रीत फिरून परत आलात की खोली भट्टी झालेली असते. पूर्वी खाचेत कुठलंही कार्ड घातलं की भागायचं, आमचे एक नाना एसटीचं सवलतीचं कार्ड घालायचे, पण नव्या हॉटेलात ते चिपवालंच लागतं. दुसरं कार्ड मागून घ्या, देतात.

बाथरूमचं पण सांगतो. नव्या हॉटेलांना काचेच्या भिंतीचं वेड आहे, पलंगावरून सरळ शॉवर दिसतो. घाबरू नका, पडद्याचं बटण एकतर पलंगाशी नाहीतर बाथरूमच्या दाराशी असतं. वहिनी-भाऊजी सोबत असतील तर आधी ते बटण शोधा, मग बॅगा उघडा. नळाचं चाक डावीकडे की उजवीकडे गरम ते बाजूला उभं राहून बघा, छतातला शॉवर एकदम डोक्यावर ओततो. आणि बादली-मग लागत असेल तर हाउसकीपिंगला फोन करून बिनधास्त मागा, असतं त्यांच्याकडे, फक्त ठेवत नाहीत.

१३. खोलीतलं काय फुकट आणि काय विकत?

टेबलावरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, चहा-कॉफीच्या पुड्या, साबण-शाम्पू, कापडी सपाता हे सहसा फुकट. छोट्या फ्रीजमधलं सगळं विकत, नुसतं उचलून ठेवलं तरी काही ठिकाणी सेन्सरने बिलात चढतं. पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त लावले तर भांडण करून फायदा नाही, हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला जास्त घेता येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच म्हटलंय. किटलीत अंडी उकडू नका. सांगायची वेळ आलीय म्हणून सांगतोय.

कधी कधी स्वागताला फळांची टोपली असते. रावेरचे एक काका, बागायतदार, खोलीत शिरल्या शिरल्या टोपलीतलं केळं उचलून देठ दाबून बघतात आणि म्हणतात, "अजून दोन दिवस पाहिजे होते." मग रूम सर्व्हिसच्या पोराला दहा मिनिटं केळं पिकवणं शिकवतात. तो पोरगा त्यांना अजून ओळखतो.

१४. घरून बट्ट्या आणि ठेचा नेला तर चालतो का? आणि तिथे शेवभाजी मिळेल?

खोलीत शांतपणे खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही, रेस्टॉरंटमध्ये डबा उघडू देत नाहीत. ठेच्याचा वास मात्र गालिच्यात बसतो, खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा झाकण घट्ट लावा. शेवभाजी, कळण्याची भाकरी, भरीत हे मेन्यूत शोधू नका, पण शेफला आदल्या दिवशी सांगितलं तर नवीन हॉटेलातला शेफ बहुतेक वेळा उत्साहाने करून देतो, त्यालाही पनीर बटर मसाल्याचा कंटाळा आलेला असतो. भरताला जळगावकडची हिरवी-पांढरी वांगी मिळणार नाहीत, जांभळ्यावर भागवा. जैन जेवण असेल तर बुकिंगमध्येच लिहा.

१५. ड्रायव्हर सोबत आहे, त्याची सोय?

आधी विचारा. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी मोठी खोली असते, नवीन ठिकाणी ती सगळ्यात शेवटी तयार होते. नसेल तर जवळ लॉज बघून द्या. शहाद्याहून आठ-दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला सीट मागे पाडून झोपवायचं आणि सकाळी त्याच्याच भरवशावर हायवेला लागायचं, हे मला तरी पटत नाही.

१६. गाडी व्हॅलेवाल्याकडे, म्हणजे पार्किंगला लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे दिली, चावी दिली, काही झालं तर? पावतीवर तर 'मालकाच्या जबाबदारीवर' लिहिलंय.

दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातून व्हॅलेला दिलेली गाडी चोरीला गेली होती, त्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतली की ती आहे तशी परत देणं हॉटेलचं काम, नुसतं पावतीवर छापून सुटका नाही, स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता हे त्यांनीच दाखवायचं. तरी देताना गाडीभोवती एक व्हिडिओ काढा. ओरखड्याचं भांडण त्याशिवाय सुटत नाही.

१७. लग्नासाठी खोल्या घेतोय. हळद खोलीत केली तर चालेल?

हळद लावायला लॉन किंवा हॉल मागा, खोलीत नको. पांढऱ्या चादरी, पांढरे टॉवेल, पांढरी उशी, आणि हळद लागलेली नवरी जरा टेकते म्हणून तिथे बसते, झालं. डाग निघत नाही आणि चादरीचे पैसे बिलात येतात. घरून जुने टॉवेल आणि दोन गडद चादरी न्या, किंवा हॉटेलला आधी सांगा, जुना माल काढून देतात. मेंदीचंही तेच.

आणखी एक, आपल्याकडे लग्नघरचे लोक रोख घेऊन येतात. एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्यावर रोख घ्यायला हॉटेलला परवानगी नाही, तुकडे करून दिले तरी नाही. चेक, आरटीजीएस तयार ठेवा. पोरांच्या पार्टीचं: महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वय लागतं, मोठ्या हॉटेलात ओळखपत्र बघतात.

१८. देवाचा दिवा, अगरबत्ती लावू का खोलीत?

छताला धुराचा सेन्सर असतो, नवीन हॉटेलात तो फार जागरूक असतो. एका आजींनी श्रावणात धूप लावला आणि अख्खा मजला जिन्याने खाली आला. मॅनेजरला विचारा, गच्चीवर किंवा बागेत जागा देतात.

१९. रंगाचा, फेविकॉलचा वास येतोय, डोकं दुखतंय. आणि वर ड्रिल चालू आहे.

खोली लगेच बदलून मागा, दोन तास सोसून नाही. बुकिंगच्या वेळीच सांगायचं: ज्या खोलीत आधी बरेच लोक राहून गेलेत अशी द्या, काम चालू असलेल्या मजल्यापासून दोन मजले लांब, लिफ्टच्या भिंतीला लागून नको. दम्याचा त्रास असेल तर नव्या हॉटेलला पहिले काही महिने जाऊच नका, प्लाय आणि गालिच्याचा वास स्प्रे मारून जात नाही, उलट दोन वास होतात.

२०. पाहुणे जळगावला नव्या हॉटेलात उतरतायत, अजिंठा दाखवायचंय. किती दिवस धरू?

अजिंठा जळगावहून साधारण ६० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. पण लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, रविवार-सोमवारचं बुकिंग करून फसलेले कितीतरी आहेत. अडकलात तर सोमवारी अजिंठ्याऐवजी वेरूळला जा, लांब पडतं पण दिवस वाया जात नाही.

२१. आईला त्या मऊ गादीवर झोपच येत नाही. काय करू?

माझ्या मावशीला पहिल्यांदा अशा हॉटेलात नेलं तेव्हा ती काठावर बसली, हाताने गादी दोनदा दाबली आणि म्हणाली, "इतली मऊ गादी! मनी पाठ मोडी जाई." म्हणजे माझी पाठ मोडून जाईल. हाउसकीपिंगला सांगा, गादीखाली टाकायची फळी काही ठिकाणी असते, किंवा एक्स्ट्रा बेडची पातळ गादी आणून देतात. त्या हॉटेलात दोन्ही नव्हतं, नवीनच होतं. मावशीने गालिच्यावर चादर अंथरली, बॅगेतली शाल उशाला घेतली आणि सकाळी सातपर्यंत घोरत पडली, मी आपला एवढे पैसे देऊन रात्रभर जागा.